गोव्यावरची सुनीतं गाळू नकोस

चि. बाय हिस,


तुझं पत्र पोचलं. पोर्तुगीज कवी बोकाजच्या सुनीतांचा मराठी अनुवाद तू मनावर घेतलास, याचा फार आनंद झाला. पण गोव्यावरची टवाळीची सुनीतं गाळणार म्हणतेस, ते मला पटलेलं नाही. ज्यानं आपल्या माणसांना नावं ठेवली त्याची ती नावं आपणच मराठीत कशाला आणायची, हा तुझा प्रश्न रास्त आहे. ती वाचताना मलाही राग येतो. तरीही ती ठेव.

मानुएल मारिया बार्बोझा दु बोकाज १७८६च्या ऑक्टोबरात गोव्याला आला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. सेतुबालचा मुलगा, दहाव्या वर्षी आईवेगळा झालेला, पोरवयात सैन्यात शिरलेला आणि तिथून आरमारात. आधीचा पोर्तुगीज कवी कामोंइश याला त्यानं मनोमन गुरू मानलं होतं. गुरूसारखंच आपलंही नशीब पूर्वेत उघडेल, असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात रोगराईनं ओस पडलेलं जुनं गोवं, तुटपुंजी नोकरी आणि कंटाळा एवढंच हाती आलं. अपेक्षाभंगाचा संताप त्यानं इथल्या माणसांवर काढला. त्यांच्या कुळाच्या अभिमानाची त्यानं मनसोक्त खिल्ली उडवली. आणि तो इथे असतानाच, १७८७ साली, कांदोळीच्या पिंटोंचा कट उघडकीला आला. वरच्या पदांवर आपल्याला डावललं जातं म्हणून इथले धर्मगुरू पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठत होते. इथल्यांचा मानीपणा ज्याला हास्यास्पद वाटत होता तो कवी आणि त्याच मानासाठी जिवावर उदार झालेली माणसं एकाच वेळी गोव्यात होती. हे तू प्रस्तावनेत सविस्तर लिही. त्याला माफ करू नकोस, पण त्याचं तोंडही बंद करू नकोस.

कारण ही धार पुढे कुठे वळली, ते वाचकाला कळायला हवं. १७८९ साली त्याला दमणला नेमलं, तर तिथून तो पळाला आणि मकावमार्गे १७९० साली लिस्बनला पोचला. तिथे ‘नवी आर्केडिया’ या कविमंडळात ‘एल्मानु सादिनु’ या नावानं तो गाजला, त्याच्या ‘रिमाश’ या काव्यसंग्रहाचा पहिला खंड १७९१ साली आला, आणि लवकरच त्याच मंडळातल्या कवींशी त्याचं हाडवैर जुंपलं. कॉफीगृहांत उभ्या उभ्या कविता रचून दाखवायची हातोटी असलेल्या माणसाला स्तुती आणि शत्रू दोन्ही भरपूर मिळतात. १७९७ साली धर्म आणि राजसत्तेला न रुचणाऱ्या लिखाणापायी पोलिसांनी त्याला धरलं. आधी लिमोएरुचा तुरुंग, मग इन्क्विझिशन, मग मठातला बंदिवास.

सुटल्यावर त्यानं पोटासाठी काय केलं, ठाऊक आहे? अनुवाद. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’चे भाग, दलीलचं बागांवरचं काव्य. आर्कु दु सेगु छापखान्यासाठी बसून, ओळीमागून ओळ. उत्स्फूर्तपणासाठी नावाजलेला हा कवी दुसऱ्याच्या ओळीपुढे मान खाली घालून काम करायला शिकला. तुझं नातं या बोकाजशी आहे, त्याचा हा काळ नीट वाच.

आणि अखेरच्या आजारातली सुनीतं आधी कर. जो उपहास त्यानं गोवेकरांवर उधळला होता, त्याहून कठोर शब्द त्यानं तिथे स्वतःच्या वाया घालवलेल्या आयुष्याला लावले आहेत. १८०५च्या डिसेंबरात, चाळिसाव्या वर्षी, तो गेला. गोव्याची सुनीतं काढून टाकलीस, तर हा पश्चात्ताप नुसता भाबडा वाटेल. माणूस कुठून कुठे आला, ते दिसणारच नाही.

आता वृत्ताचं. तू पाठवलेला नमुना शार्दूलविक्रीडितात आहे. केशवसुतांमुळे सुनीत म्हटलं की तेच वृत्त आपल्या हाताशी येतं, हे मी समजू शकतो. पण बोकाजची ओळ दहा अक्षरांची, सहाव्या आणि दहाव्या अक्षरावर आघात असलेली, आटोपशीर. तिला एकोणीस अक्षरांत पसरलंस की उरलेल्या जागेत ‘अहा’, ‘अहो’ आणि जोडविशेषणं शिरतात. तुझ्या चौथ्या ओळीत ती शिरलीच आहेत. चौदा अक्षरांचं वसंततिलका घेऊन बघ. अडचण होईल, यमकं हट्ट करतील, पण भरीचा शब्द लगेच उघडा पडेल. जिथे अर्थ मावत नाही तिथे वृत्त सैल कर, अर्थ छाटू नकोस.

मूळ मोठ्यानं वाचून कुणा जाणत्याकडून उच्चार तपासून घे. पणजीत पोर्तुगीज जाणणारी वडीलधारी माणसं अजून आहेत, संकोच करू नकोस. दिवाळीपूर्वी गोव्यावरचं एक आणि अखेरच्या दिवसांतलं एक, अशी दोन सुनीतं कच्ची असली तरी पाठव. मूळही सोबत लिही, म्हणजे मला ओळी ताडून पाहता येतील.

आईला नमस्कार सांग.

तुझा
मामा