समुद्रशैवालातील शर्करा आणि बारावीनंतरची वाट

बारावीचा निकाल हाती पडला की वसईच्या गोखिवऱ्यातील घराघरांत जी चर्चा सुरू होते, तिच्यात वैद्यकी, अभियांत्रिकी आणि संगणक यांपलीकडचे चौथे नाव क्वचितच निघते. आणि वैद्यकीची जागा हुकली म्हणजे मुलाचे सारेच हुकले, अशा समजुतीने आईवडील रात्र रात्र जागून काढतात. रसायन आणि जीवशास्त्र या दोन्ही विषयांत ज्यांचे मूल रमते, त्या पालकांपुढे मी एक निराळी विद्या ठेवू इच्छितो: समुद्रशैवालातील सल्फेटयुक्त शर्करांची आणि त्यांचे रूप पालटणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची).

शैवालाच्या पेशीभित्तिकेत शर्करारेणूंच्या दीर्घ साखळ्या असतात व त्यांवर कमीअधिक प्रमाणात सल्फेटचे गट जडलेले असतात. लाल शैवालातील अगार (आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्रास तो हाच) आणि कॅराजीनन, तपकिरी शैवालातील फ्युकॉइडन, हिरव्यातील अल्व्हन ही त्याच कुळातील द्रव्ये होत. कॅराजीननाच्या साखळीत दर दोन शर्करांमागे एक सल्फेट असेल तर पोटॅशियमच्या सान्निध्यात त्याचा घट्ट, काहीसा ठिसूळ गोळा बनतो. दोन असतील तर कॅल्शियमच्या योगाने मऊ व लवचिक. आणि तीन असतील तर ते मुळी गोठतच नाही, द्रवाला केवळ दाटपणा आणते. एवढ्याशा भेदाने पदार्थाचा सारा स्वभाव बदलावा, यातच या विषयाचे खरे आकर्षण आहे.

हा भेद घडविणारी विकरे शैवालाच्या अंगीच असतात. 1961 साली डेव्हिड रीस या शास्त्रज्ञाने पोर्फायरा नावाच्या लाल शैवालात असे एक विकर दाखवून दिले, की जे साखळीतील एका शर्करेवरचा सल्फेट काढून त्याच जागी नवे वलय घडवते. कारखान्यांत मात्र हेच काम बहुधा तापवलेल्या अल्कलीकडून करून घेतले जाते आणि त्यात पाणी, इंधन व क्षार यांचा मोठा व्यय होतो. विकराने ते सौम्यपणे व किफायतीने साधता येईल काय, हा प्रश्न आज अठरा वर्षांच्या असलेल्या विद्यार्थ्याच्या हयातीत सुटण्याजोगा आहे. याच पोर्फायराची एक जात पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या खडकांवर उगवते, हेही कोकणच्या मुलांना ठाऊक असावे.

परंतु नोकरीचे काय, असे वडील विचारतील, आणि तो प्रश्न सर्वथा रास्त आहे. केवळ शैवालाच्या नावाने असलेले हुद्दे थोडे आहेत, हे मी लपवीत नाही. तथापि या शर्करा शुद्ध करणे, त्यांतील सल्फेट मोजणे, विकराची गती पारखणे ही कौशल्ये औषधांच्या व खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांना रोज लागतात. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन हीही सल्फेटयुक्त शर्कराच होय. 2008 साली त्यात अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिनची भेसळ झाली, अमेरिकेत रुग्ण दगावले, आणि नेहमीच्या कसोट्यांना चकवून गेलेली ती भेसळ अखेर अशाच विश्लेषणात मुरलेल्या रसायनज्ञांनी हुडकून काढली. ज्याच्या विद्येवर माणसांचे प्राण अवलंबून असतात, त्याला काम मिळण्याची चिंता मला तितकीशी वाटत नाही. चिंता वाटते ती अर्धवट शिकणाऱ्याची.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पदवीला आकर्षक नावाचा अभ्यासक्रम घेण्याचा मोह टाळावा आणि रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र हा मूळ विषयच पक्का करावा. गणितही सोडू नये. विज्ञानशाखेची सोय वसईतच अण्णासाहेब वर्तक महाविद्यालयात आहे. पुढे माटुंग्याची 1933 साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. बारावीनंतर थेट मत्स्यशास्त्राकडेच वळावयाचे असेल त्याने रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या महाविद्यालयाची चौकशी करावी. संशोधनाची मोठी ठाणी म्हणजे 1954 पासूनची भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था, जिचे शैवाल केंद्र तमिळनाडूत मंडपम येथे आहे, आणि 1966 पासूनची गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

खर्चाचा हिशेब मांडताना पालकांनी पाच वर्षांची तयारी ठेवावी, कारण एम.एस्सी.पूर्वी या क्षेत्रात भरवशाची जागा सहसा मिळत नाही. मात्र गोखिवऱ्याच्या मुलीला ही पाच वर्षे लोकलचा पास काढून, घरी राहूनच पुरी करता येतात. भावनगरला किंवा गोव्याला जाण्याचा प्रसंग येतो तो त्यानंतर, आणि नेटची परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविली असेल तर जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या दराने तिला दरमहा 37,000 रुपये मिळतात.