भाड्याच्या यंत्राचा वेग मोजावा कसा?

नागपूरला सहलीला गेलात म्हणजे शून्य मैलाचा खांब आणि त्याजवळचे चार घोडे पाहून येता ना? तिथेच एक ठेंगणा दगडही आहे. तो जी.टी.एस. म्हणजे भारताच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा 'बेंच मार्क' आहे. घोड्यांकडे सारे बघतात, दगडाकडे कोणी बघत नाही. अशा खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा काटेकोर मोजून ठेवली, की आसपासच्या जागांची उंची तिच्याशी ताडून सांगता येते. संगणकाचा वेग ताडून पाहण्याच्या चाचणीला 'बेंचमार्क' म्हणतात, तो शब्द या मोजणीदारांचाच. फरक एवढाच, की दगड जागचा हलत नाही. आणि ज्या यंत्रांविषयी आज सांगणार आहे, ती मोजता मोजता बदलतात.

आधी न बदलणाऱ्या यंत्राचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी प्रसिद्ध झाली, तीत पुण्याच्या 'एका' या संगणकाचा चौथा क्रमांक लागला. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेने तो उभारला होता. कागदावरच्या हिशेबाने त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १७१ लाख कोटी आकडेमोडी इतका होता. प्रत्यक्ष चाचणीत भरला सुमारे ११८ लाख कोटी, म्हणजे शेकडा ६९. यादीत क्रमांक लागतो तो या दुसऱ्या आकड्यावर. चाचणीचे नाव लिनपॅक. दहावीच्या बीजगणितात तुम्ही दोन चलांची रेषीय समीकरणे सोडवता. लिनपॅक तसलीच, पण लाखो चलांची समीकरणे संगणकाकडून सोडवून घेते. मग उरलेले ३१ टक्के गेले कुठे? गवंड्याचा हात कितीही चपळ असो, विटा वेळेवर पोचल्या नाहीत तर तो थापी हातात धरून बसून राहतो. हजारो प्रोसेसर एकमेकांकडून आकडे येण्याची वाट पाहतात, त्यात तो वेळ जातो.

'एका' ज्यांचा, त्यांच्याच ताब्यात होता. क्लाउडचे तसे नाही. क्लाउड म्हणजे ढग खरे, पण आकाशात काही नसते. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक मांडलेले असतात, आणि त्यांतील एखाद्याचा एक हिस्सा आपण तासाच्या हिशेबाने भाड्याने घेतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्याहून आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईहून अशी सेवा सुरू केली. आपल्याच यंत्रावर आपल्या शेजारी आणखी कोण भाडेकरू आहे, हे आपल्याला कळत नाही. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा असते. त्या दिवशी चामोर्शीहून गडचिरोलीला जायला एस.टी.ला किती वेळ लागतो ते मोजून कोणी वेळापत्रक छापले, तर तुम्ही हसाल. रस्ता तोच, गाडी तीच, चालक तोच. गर्दी मात्र दुसऱ्यांची.

मी स्वतः फसलो ती गोष्ट याहून वेगळी आहे. आमच्या महाविद्यालयात एक चाचणी परीक्षा संगणकावर घ्यायचे ठरले. यंत्र निवडण्याचे काम माझ्याकडे आले. का, तर पदार्थविज्ञानवाल्याला मोजमापाची सवय! मी दोन यंत्रे भाड्याने घेतली, एक स्वस्त आणि एक दुप्पट भाड्याचे. दोन्हींवर दहा-दहा मिनिटे चाचणी चालवली. स्वस्त यंत्र तसूभरही मागे पडेना. तेच घेतले. परीक्षेच्या दिवशी पहिला पाऊण तास सुरळीत गेला; मग पडद्यांवर चाके फिरू लागली ती फिरतच राहिली. घोट-आष्टीकडून पहाटेची गाडी धरून आलेली मुले उत्तरे लिहून बसली होती, पण ती पाठवता येईनात. दीड तासाचा पेपर रद्द झाला आणि मुलांना आणखी एक दिवस पुन्हा यावे लागले. एका मुलीचा रोवणीचा रोज त्यात बुडाला, ते तिने मला नंतर सांगितले.

दोष यंत्राचा नव्हता. भाड्याच्या करारातच सारे लिहिलेले होते, वाचले नव्हते मी. अशा स्वस्त यंत्राला पाण्याच्या टाकीसारखी शिल्लक असते. पूर्ण वेगाने एक मिनिट चालले की एक गुण खर्च होतो. एका प्रचलित प्रकारात सुरुवातीला ३० गुण मिळतात आणि पुढे तासाला ६ गुण जमा होतात, म्हणजे मिनिटाला ०.१. आता हिशेब करा. खर्च १, जमा ०.१, टाकी मिनिटाला ०.९ ने उतरते. ३० ला ०.९ ने भागा: सुमारे ३३ मिनिटे. त्यानंतर जेवढे येते तेवढेच खर्चता येते, म्हणजे वेग एक दशांशावर. दहा मिनिटांच्या चाचणीत हे दिसणार कसे? भरलेल्या टाकीच्या तोटीची धार पाहून मी विहिरीला पाणी किती, ते ठरवले होते.

दुसऱ्या वेळी प्रयोगवहीचे सारे नियम पाळले. आधी एक यंत्र, मग दुसरे असे न करता आलटून पालटून वाचने घेतली: पहिले, दुसरे, पहिले, दुसरे. नाहीतर सकाळची मोकळीक एकाच्या वाट्याला आणि संध्याकाळची गर्दी दुसऱ्याच्या वाट्याला येते, आणि आपण यंत्रांऐवजी सकाळ-संध्याकाळची तुलना करतो. सुरू केल्यानंतरचे पहिले वाचन वेगळे लिहिले. त्या वेळी माहिती डिस्कवरून येते, पुढे ती स्मृतीत तयार असते. दिवस बदलले, आणि यंत्रे सोडून देऊन तशीच नवी घेतली, म्हणजे शेजारीही बदलले.

सरासरीवर मात्र विसंबू नका. समजा, २० उत्तरांपैकी १९ उत्तरे ०.२ सेकंदात पोचली आणि एकाला ६ सेकंद लागले. सरासरी ०.४९ सेकंद येते. इतका वेळ तर कोणालाच लागला नाही! मध्यक ०.२ येतो, तो बहुतेकांचे खरे सांगतो, पण त्या एकाचे दुःख लपवतो. म्हणून मध्यक लिहावा आणि शेजारी सर्वांत मोठे वाचनही लिहावे.

आणखी एक चूक मला उशिरा कळली. माझा कार्यक्रम एक उत्तर पाठवी, पोच मिळेपर्यंत थांबे, मग दुसरे पाठवी. यंत्र मंदावले की माझा माराही आपोआप मंदावे. परीक्षेला बसलेली मुले अशी एकमेकांसाठी थांबत नाहीत. म्हणून या वेळी पोच येवो न येवो, घड्याळाच्या ठोक्यावर उत्तरे पाठवली.

आणि पाठवायची कुठून? चामोर्शी ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ७४० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन १,४८० किलोमीटर, म्हणजे किमान ७.४ सहस्रांश सेकंद. तार सरळ रेषेत नसते आणि वाटेत थांबेही पुष्कळ, तेव्हा प्रत्यक्षात याहून बराच वेळ जातो. इथून मोजले तर यंत्राबरोबर रस्ताही मोजला जातो. म्हणून यंत्राचा वेग त्याच केंद्रातल्या दुसऱ्या यंत्रावरून मोजला. मुलांना लागणारा वेळ मात्र इथूनच, आमच्या संगणक-कक्षातून, वेगळा मोजला.

दोन्ही यंत्रे तीन-तीन तास चालवली. महागाचा आलेख किंचित थरथरत, पण आडवा गेला. स्वस्ताचा ३६ व्या मिनिटापर्यंत तसाच, आणि मग कड्यावरून पडावा तसा खाली. गणिताने ३३ येत होते. तीन मिनिटांचा फरक का पडला, हे अकरावीच्या एका मुलाने वहीत शोधून काढले: पहिली काही मिनिटे मारा हळूहळू वाढवत नेला होता, तेव्हा यंत्र पूर्ण वेगाने राबतच नव्हते आणि टाकी सावकाश उतरत होती. तो आलेख आता प्रयोगशाळेत, लंबकाच्या आलेखाशेजारी लावलेला आहे.