खरेदीच्या यादीतून प्रदूषणनिवारण : यशवंतपूरच्या निमित्ताने

बंगळूरच्या वायव्येस असलेले यशवंतपूर महाराष्ट्राला परिचित आहे ते कांद्यामुळे आणि रेल्वेमुळे. नाशिक-अहिल्यानगरचा कांदा येथील बाजार आवारात उतरतो. याच यशवंतपूरहून तुमकूर रस्त्याने थोडे पुढे गेले की पीण्या औद्योगिक वसाहत लागते. १९७० च्या दशकात आकारास आलेल्या या वसाहतीत हजारो लघुउद्योग आहेत. यंत्रांचे सुटे भाग, साचे, रंगकाम आणि धातूवर मुलामा चढविणे अशी कामे तेथे चालतात. यांतील अनेक उद्योग बँकांचे कर्जदार आहेत, आणि त्यांच्या हौदातून वाहून जाणाऱ्या पाण्याशी बँकेचाही संबंध पोहोचतो.

जवळच मल्लेश्वरम येथे काडु मल्लेश्वराचे मंदिर आहे. १६६९ मध्ये व्यंकोजी राजांनी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सावत्र बंधूंनी, या देवस्थानास गाव दान दिल्याचा शिलालेख तेथे आहे. या परिसराशी जिचा उगम परंपरेने जोडला जातो ती वृषभावती नदी आज शहराचे सांडपाणी वाहून नेते. पुढे ती अर्कावतीला आणि अर्कावती कावेरीला मिळते. पीण्याच्या भूजलात तर षट्संयुजी क्रोमियम आढळले आहे. हा पदार्थ कर्करोगकारक असून पिण्याच्या पाण्यातील एकूण क्रोमियमची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला केवळ ०.०५ मिलिग्रॅम आहे. भूजलात एकदा उतरलेले क्रोमियम बाहेर काढणे अत्यंत खर्चाचे व वेळखाऊ काम असते. म्हणूनच १९९२ च्या केंद्रीय प्रदूषण-नियंत्रण धोरणाने प्रदूषण उगमापाशीच रोखण्यावर भर दिला होता.

उगमापाशी रोखणे म्हणजे काय, हे मुलाम्याच्या कारखान्यातच चांगले समजते. रसायनाच्या हौदातून वस्तू बाहेर काढताना तिच्या अंगाला थोडे द्रावण चिकटून येते. ते धुण्यासाठी पाणी वापरावे लागते आणि तेच पुढे सांडपाणी होते. समजा, तासाला १ लिटर द्रावण असे बाहेर येते आणि ते हजारपट विरळ करावयाचे आहे. धुण्याचा एकच हौद असेल, तर तासाला सुमारे १,००० लिटर पाणी लागेल. त्याऐवजी दोन हौद ठेवून ताजे पाणी दुसऱ्यात सोडले, त्याचे उतू जाणारे पाणी पहिल्यात घेतले आणि वस्तू उलट दिशेने नेली, तर हेच काम सुमारे ३२ लिटरमध्ये होते. तीन हौद असल्यास १० लिटर पुरतात! वस्तू हौदावर काही क्षण अधिक निथळू दिली, तर तेवढे रसायनही वाचते. सांडपाणी शुद्धीकरणाची मोठी यंत्रणा बसविण्याआधी हा हिशेब करून पाहिला, तर यंत्रणाच लहान लागते. सामान्यतः कर्जप्रस्तावात मात्र यंत्रणेचे दरपत्रक जोडलेले असते, दुसऱ्या हौदाचे नसते.

यापुढची पायरी खरेदीची. शोभेच्या मुलाम्यासाठी षट्संयुजी क्रोमियमऐवजी त्रिसंयुजी क्षार वापरता येतात. जाड व कठीण मुलाम्याच्या बाबतीत हा बदल तितका सोपा नाही, हेही नमूद करावयास हवे. रसायन स्वस्त मिळते म्हणून वर्षभराचा साठा करण्याची सवय महागात पडते, कारण मुदत संपलेले आम्ल हा मालही नसतो आणि साधा कचराही नसतो. त्याची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या नियमांनुसारच लावावी लागते.

घरगुती व कार्यालयीन खरेदीसाठी ग्राहकाला खूण हवी म्हणून १९९१ मध्ये केंद्र सरकारने मातीच्या घड्याचे चिन्ह असलेली 'इकोमार्क' योजना सुरू केली. परंतु चिन्ह मागणारा ग्राहक नव्हता, म्हणून ते घेणारा उत्पादकही फारसा पुढे आला नाही. २०२४ मध्ये नव्या नियमांनी या योजनेला पुन्हा उभारी देण्याचा प्रयत्न झाला आहे. वीजबचतीच्या ताऱ्यांचा अनुभव याच्या उलट आहे. २००६ मध्ये सुरू झालेली ही पद्धत ७ जानेवारी २०१० पासून वातानुकूलन यंत्रे आणि दवरहित शीतकपाटे यांना सक्तीची झाली आणि घराघरांत पोहोचली. मात्र ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात. त्यामुळे खरेदी करताना तारे मोजण्याबरोबर पट्टीवरील वर्षही वाचावे. एलईडी दिव्यांची गोष्ट तर संघटित खरेदीचीच आहे. सरकारी कंपनीने घाऊक निविदा काढल्यावर २०१४ मध्ये ३१० रुपयांना मिळणारा दिवा २०१६ मध्ये चाळिशीच्या आत आला.

बँकेच्या शाखांनाही हे लागू आहे. शाखेतील यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या आणि जुने संगणक भंगाराच्या लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याला देण्याची पद्धत बरेच दिवस रुळलेली होती. उघड्यावर बॅटरी फोडणाऱ्याची बोली अर्थातच जास्त असते, कारण आम्ल व शिशाची धूळ यांचा खर्च तो शेजाऱ्यांवर टाकतो! २०२२ च्या बॅटरी-कचरा व ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जावयास हवा. यशवंतपूरहून निघालेल्या याच तुमकूर रस्त्यावर दाबसपेट येथे २००५ मध्ये 'ई-परिसर' हा देशातील पहिल्या अधिकृत ई-कचरा प्रकल्पांपैकी एक उभा राहिला.

निधीचे मार्गही उपलब्ध आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १ जून २०२३ पासून लागू झालेल्या हरित ठेवींच्या चौकटीत 'प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण' हे क्षेत्र स्पष्टपणे समाविष्ट आहे, आणि अशा निधीच्या विनियोगाची दरवर्षी त्रयस्थाकडून पडताळणी अपेक्षित आहे. २०२२ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या 'झेड' प्रमाणन योजनेत प्रमाणन-खर्चावर सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघु उद्योगांना ६० टक्के व मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदानाची तरतूद आहे.

मुलाम्याचे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'लाल' वर्गात मोडते. त्यामुळे चालविण्याच्या संमतीपत्राची मुदत संपली की उत्पादन थांबण्याचा आणि पाठोपाठ हप्ता थकण्याचा धोका असतो. मालसाठ्याच्या तपासणीसाठी जाणाऱ्या अधिकाऱ्याने गोदामाबरोबर संमतीपत्रावरील तारीख, घातक कचरा सोपविल्याच्या पावत्या आणि धुण्याच्या हौदांची संख्याही टिपून घ्यावी. यास दहा मिनिटे पुरतात.