नववर्षाचा संकल्प आणि पादांशिक क्रम

चैत्र शुद्ध प्रतिपदेस आपण गुढी उभारतो, कडुनिंबाची पाने खातो आणि काही संकल्प करतो. गुढी सायंकाळी उतरते. संकल्पही फार काळ टिकत नाहीत. थंडीत संचित झालेला कफ वसंतात प्रकुपित होतो म्हणून रुग्णास वमनाचा सल्ला देणाऱ्या वैद्याने, वर्षभर स्वतःच्या व्यवसायात साचलेल्या दोषांचे शोधन कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक अनुभव

गेल्या वर्षाचे केसपेपर चाळताना एका कागदापाशी मी थांबलो. पन्नाशीचा शेतकरी, शौचावाटे रक्त जाण्याची तक्रार. ‘रक्तार्श’ असे निदान लिहून मी पाच महिने औषधे दिली. मध्यंतरी रक्त कमी झाले, म्हणून दोघेही निश्चिंत झालो. पुढे रुग्ण येईनासा झाला. बरा झाला असावा असे मी गृहीत धरले. काही महिन्यांनी त्याचा मुलगा जुने कागद मागण्यास आला. अन्यत्र तपासणीत गुदाचा कर्करोग निघाला होता. शस्त्रक्रिया होऊन पोटावर मलमार्ग करावा लागला होता. मुलाने दोष दिला नाही. त्याने एवढेच विचारले, “डॉक्टर, तेव्हा तपासून काय दिसले होते?”

कागदावर गुदपरीक्षणाची नोंद नव्हती, कारण परीक्षण झालेच नव्हते. रुग्णाचा संकोच, बाहेर ताटकळलेली गर्दी आणि माझा आळस ही खरी कारणे होत.

शास्त्राच्या आरशात

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी मी केवळ प्रश्नावर निदान केले होते. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात अर्शोयंत्राचे वर्णन करताना दर्शनासाठी आणि कर्मासाठी निरनिराळ्या छिद्ररचना सांगितल्या आहेत. पाहिल्यावाचून अर्श म्हणू नये, हा त्यातील बोध मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होता. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशाने घडते ते कर्म म्हणजे प्रज्ञापराध. रुग्णाच्या बाबतीत आपण हा शब्द सहज वापरतो. तो प्रथम स्वतःस लावून पाहावा.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, विपुल कर्मदर्शन, दक्षता व शुचिता. या चारही गुणांपुढे वर्षातून एकदा स्वतःचा एकेक प्रसंग लिहावा. माझ्या कागदावर ‘दक्षता’ या शब्दापुढे वरील प्रसंग आला.

संकल्पाची मात्रा

संकल्प मोडतात ते बहुधा अतिमात्रेमुळे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात चरकाचार्यांनी अहितकर सवय चतुर्थांशाने सोडावी व हितकर सवय तशीच चतुर्थांशाने अंगीकारावी, टप्प्यांमधील अंतरही क्रमाने वाढवावे, असे सांगितले आहे. एकाएकी केलेला बदल टिकत नाही व अपायही करतो. वर्षाच्या चार तिमाह्या हे सोयीचे चार पाद होत. मी पुढीलप्रमाणे क्रम आखला आहे :

१. पहिली तिमाही : रक्तस्रावाची तक्रार असलेल्या प्रत्येक रुग्णाचे संमतीने गुदपरीक्षण, अथवा त्याच दिवशी शल्यतज्ज्ञाकडे चिठ्ठी. वजन घटणे, पांडुता, मलप्रवृत्तीत नवा बदल असल्यास पुढील तपासण्यांस विलंब नाही.

२. दुसरी तिमाही : वरील क्रम चालू ठेवून, न फिरकलेल्या रुग्णांची दर शनिवारी विचारपूस. न आलेला रुग्ण बरा झाला, हे अनुमान प्रमाण नव्हे.

३. तिसरी तिमाही : आठवड्यातून दोन दिवस संहितावाचन, तेही त्या आठवड्यातील अवघड रुग्णाला धरून.

४. चौथी तिमाही : तद्विद्यसंभाषा. समव्यावसायिकांसमोर आपला फसलेला एक रुग्ण मांडणे.

एका वेळी एकच नवी गोष्ट घ्यावी. पहिली अंगवळणी पडल्यावाचून दुसरीस हात घालू नये.

औषधी दुकानदारांसाठी

हाच क्रम दुकानासही लागू पडतो. शार्ङ्गधरांनी चूर्ण दोन महिन्यांनी व गुटी-अवलेह वर्षानंतर हीनवीर्य होतात असे म्हटले आहे. आसव, धातू व रसकल्प मात्र जुने गुणवान मानले आहेत. आजच्या सीलबंद मालावर छापील मुदत बंधनकारक आहेच. परंतु सुट्या विक्रीसाठी बरणी उघडल्याची तारीख कोण लिहितो? ३१ मार्चला शिल्लक माल मोजताना केवळ किंमत न मोजता वीर्यही मोजावे. पहिल्या तिमाहीत फक्त चूर्णांच्या बरण्यांवर तारीख घालावी. एवढा एक पाद पुरेसा आहे.

त्या मुलाला मी खरे उत्तर दिले, “तपासले नव्हते.” ते शब्द उच्चारणे जड गेले. पुन्हा कोणासही ते सांगण्याची वेळ येऊ नये, एवढाच यंदाचा संकल्प आहे. आपले त्रैमासिक दर तिमाहीस हाती येते. प्रत्येक अंक उघडताना वाचकांनीही आपला त्या तिमाहीचा पाद पूर्ण झाला की नाही, हे पडताळून पाहावे, ही नम्र विनंती.