मूठ थांबवता आली पाहिजे

भिवंडीतल्या आमच्या कराटेच्या वर्गात मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा चालतात. पद्मानगर, शांतीनगर, गैबीनगर अशा सगळ्या भागांतून मुलं येतात. बहुतेकांच्या घरचं कुणी ना कुणी यंत्रमागावर किंवा गोदामात कामाला असतं. या मुलामुलींना स्पर्धेसाठी तयार करताना जे उमगलं, ते लिहितो.

१. आधी नियम पाठ करा. कुमितेत, म्हणजे लढतीत, ठोशाला १ गुण, पोटा-छातीवरच्या लाथेला २ आणि डोक्याच्या उंचीवरच्या लाथेला ३. खाली पाडून लगेच नेमका ठोसा मारला, तरी ३. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. बरोबरी झाली, तर ज्याने पहिला निर्विवाद गुण घेतला तो जिंकतो. त्या हक्काला सेन्शू म्हणतात. कुमार गटाची लढत जेमतेम दोन मिनिटांची. त्यात हा पहिला गुण किती मोलाचा, हे ज्याला कळलं तो मुलगा ‘हाजिमे’ ही लढत सुरू करण्याची आज्ञा ऐकल्याबरोबर जागा असतो. गावोगावच्या स्पर्धांत नियम थोडेफार बदलतात, म्हणून आयोजकांचं पत्रक वाचल्याशिवाय जाऊ नका.

२. मूठ थांबवता आली पाहिजे. माझ्या मते अर्धी स्पर्धा इथेच जिंकली किंवा हरली जाते. नवीन मुलाला वाटतं, जोरात लागलं की गुण मिळतो. प्रत्यक्षात चार कोपऱ्यांतल्या चार पंचांपैकी निदान दोघांना वार स्वच्छ दिसावा लागतो: अंतर बरोबर, वेळ अचूक, आणि वार झाल्यावरही नजर प्रतिस्पर्ध्यावरच. लहान गटांत तर चेहऱ्याला ठोसा लागलाच नाही पाहिजे. आम्ही दोरीला वर्तमानपत्राचं पान टांगतो. ग्याकू झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, पूर्ण वेगात मारायची, पान वाऱ्याने हललं पाहिजे, पण मूठ त्याला लागता कामा नये. मारलेला हात तितक्याच झपाट्याने कमरेशी परत. सुरुवातीला पानं फाटतात. काही आठवड्यांनी एकच पान बरेच दिवस टिकू लागतं, तेव्हा मूल कुमितेला तयार झालं असं मी समजतो.

ज्याला हे पटत नाही त्याला मी टोकियो ऑलिंपिकची अंतिम लढत दाखवतो. ७ ऑगस्ट २०२१, ७५ किलोंवरील पुरुषांचा गट. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याला इतकी जबर बसली की तो बेशुद्ध पडला. पंचांनी हामेदीला बाद केलं आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या गंजजादेहला सुवर्णपदक मिळालं.

३. गच्चीवर खडूने चौकोन आखा. स्पर्धेचा चौकोन ८ बाय ८ मीटरचा असतो आणि रेषेबाहेर पाय गेला की ताकीद मिळते. चिंचोळ्या खोलीत सराव करणाऱ्या मुलांना मागे सरकण्याची सवय लागते. त्यांना बाजूला निसटायला शिकवा.

४. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम, सोडू नका. लढतीची चटक लागली की मुलं हेआन शोदानसारखा सुरुवातीचा काता कंटाळत करतात. पण उभं राहण्याची पक्की ढब आणि कमरेचं वळण त्यातूनच येतं, आणि लढतीत तेच उपयोगी पडतं. टोकियोत कातामध्ये सुवर्ण जिंकणारा र्यो कियुना ओकिनावाचा, जिथे कराटे जन्मलं. त्याचा एकेक पवित्रा मुलांना सावकाश दाखवा.

५. वजन घटवण्यासाठी मुलांना उपाशी ठेवू नका. खालच्या वजनगटात बसावं म्हणून आदल्या दिवशी पाणीसुद्धा तोडणारे पालक मी पाहिलेत. वाढत्या वयाच्या मुलावर हा अन्याय आहे आणि चौकोनात त्याचे पायही उचलत नाहीत. उसळ, चपाती, अंडी, शेंगदाणे एवढं पुरे. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्यांना आम्ही संध्याकाळी फक्त काता देतो. दमवणारा सराव ईदनंतर.

६. पदकं मोजू नका. एका गटात तीन-चारच मुलं ठेवून सगळ्यांना पदक देणाऱ्या स्पर्धा रविवारी ढीगभर होतात. प्रवेश शुल्क मात्र दणदणीत. गटात किती खेळाडू आहेत ते आधी विचारा. तीन लढती खेळून हरलेलं मूल, न खेळता रौप्य मिळवणाऱ्यापेक्षा कितीतरी शिकून येतं.

७. शालेय स्पर्धा चुकवू नका. महापालिका पातळी, मग विभाग, मग राज्य, अशी ती चढती वाट आहे. मात्र तिथे क्लासचं नाव चालत नाही, प्रवेशिका शाळेकडूनच जावी लागते. शाळा सुरू झाली की क्रीडाशिक्षकांना भेटा, जन्मदाखला आणि ओळखपत्र तयार ठेवा, आणि मुलींची नावंही तितक्याच हौसेने द्या.