जमीन घेण्यापूर्वी
(बी. ए. भाग २)

हातात चार पैसे शिल्लक पडले की आपल्याकडील माणसाला प्रथम जमिनीची आठवण होते. सोने चोरीला जाते, पैसा खर्च होतो, पण जमीन कोठे जात नाही, अशी आपली समजूत आहे. ती खोटी नाही. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत ती अपुरी आहे. जमीन कोठे जात नसली तरी आपण दिलेला पैसा मात्र जाऊ शकतो.

माझ्या वडिलांच्या बाबतीत असेच घडले. धान विकून साठविलेल्या पैशातून त्यांनी शहरालगतच्या एका प्लॉटचा सौदा केला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सौदाचिठ्ठी झाली व ती घरच्या पेटीत जपून ठेवली गेली. मी अकरावीत असताना त्या जागेचा सातबारा काढून आणला. ज्याने पैसे घेतले त्याचे नावच त्यावर नव्हते. नाव होते एका आदिवासी कुटुंबाचे आणि त्यांना या सौद्याची वार्ताही नव्हती. पैसे परत मिळाले नाहीत. आमच्या घरात तो कागद वाचू शकणारे तोवर कोणी नव्हते. अशी घरे पुष्कळ आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा : ‘भाव किती वाढेल?’ माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा : ‘ही जमीन विकता येते काय, आणि विकणारा तिचा मालक आहे काय?’

कोणती जमीन विकाऊ नसते?

पहिली, आदिवासींची जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातील कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व शासनाची मान्यता असल्याशिवाय ती बिगर-आदिवासीस विकत घेता येत नाही. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचाही प्रश्न येतो. हे कलम १९७४ साली आले, कारण त्यापूर्वी थोड्याशा कर्जापोटी कित्येक आदिवासी भूमिहीन झाले होते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी स्वतंत्र कायदाही करावा लागला. तेव्हा ‘परवानगीचे नंतर पाहू’ असे सांगणाऱ्या दलालापासून दूर राहावे. त्यात आपला पैसा जातो आणि त्या कुटुंबाचा आधारही जातो.

दुसरी, भोगवटादार वर्ग २ ची जमीन. शासनाने अटींवर दिलेली जमीन या वर्गात मोडते व ती परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. भूदानात मिळालेली जमीनही अशीच बंधनातील असते. सातबारावर ‘वर्ग १’ की ‘वर्ग २’ हे लिहिलेले असते. एवढा एक शब्द वाचला तरी अर्धे संकट टळते.

तिसरी, झुडपी जंगल. पूर्व विदर्भातील जुन्या महसुली नोंदींत हा शब्द आढळतो. जागेवर झाड नसले तरी नोंद कायम असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनच समजाव्यात असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जागांपुरता वेगळा मार्ग ठेवला आहे.

चौथी, वनहक्काची जमीन. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसास जातो, परंतु विकता येत नाही.

कागद कोणते पाहावेत?

सातबाराचे दोन भाग आहेत. नमुना ७ मध्ये धारकाचे नाव, क्षेत्र, वर्ग व ‘इतर हक्क’ येतात. नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. ‘इतर हक्क’ हा रकाना अवश्य वाचावा, कारण बँकेचा बोजा, कुळ किंवा वाद तेथेच दिसतो. आठ-अ वरून खातेदाराची गावातील एकूण जमीन कळते. नमुना ६ म्हणजे फेरफार. जमीन या नावावर कशी आली, हे त्यावरून समजते. वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचाही हिस्सा असतो, हे विसरू नये.

विदर्भात याशिवाय निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज असे दोन दस्तऐवज आहेत. गुरांची वाट, पाण्याची वाट, सरपण यांविषयीचे गावाचे हक्क त्यांत नोंदलेले असतात. आपण कुंपण घालू व गावाची वाट अडेल, असे होऊ नये म्हणून ते पटवाऱ्याकडे विचारावे.

शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी आहे काय, हेही कायदा पाहतो. लहान तुकड्यांवर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे बंधन आहे. अलीकडे काही क्षेत्रांत सवलती मिळाल्या आहेत. आपला तुकडा त्यात बसतो काय, हे तहसील कार्यालयात विचारावे. प्लॉट घेताना लेआउट मंजूर आहे काय ते पाहावे. मोठ्या लेआउटची महारेराकडे नोंदणी आवश्यक असते.

जागेवर जाऊन पाहणे

उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जागा पावसाळ्यातही पाहावी. चंद्रपुरात इरईकाठच्या वस्त्यांत पुराचे पाणी शिरते. शेजाऱ्यास ‘पाणी कोठवर येते?’ असे विचारण्यास पैसे पडत नाहीत. कोळसा पट्ट्यात जमीन खाणीसाठी संपादित होणार आहे काय, आणि ताडोबालगत बांधकामावर कोणती बंधने आहेत, याचीही चौकशी करावी.

व्यवहार कसा करावा?

सौदाचिठ्ठीने मालकी मिळत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखत हवे. मुखत्यारपत्रावर झालेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे. शिवाय नोंदणी झाली म्हणजे विकणाऱ्याची मालकी सिद्ध झाली, असेही नाही. म्हणून वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा. खरेदीनंतर फेरफार मंजूर करून आपले नाव सातबारावर आल्याची खात्री करावी. पैसे बँकेमार्फत द्यावेत. मुद्रांक, नोंदणी, मोजणी व वकील यांचा खर्च किमतीत धरावा. जमीन अडीअडचणीला लगेच विकली जात नाही, म्हणून दवाखाना व शिक्षण यांसाठीचा पैसा तीत गुंतवू नये आणि सावकाराचे कर्ज तर मुळीच काढू नये.

समारोप

जमिनीकडे केवळ विक्रीची वस्तू म्हणून न पाहणारीही गावे आपल्याकडे आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०१३ साली गावकऱ्यांनी आपल्या जमिनी ग्रामदानात देण्याचे ठरविले. सर्वांना तो मार्ग जमेल असे नाही. परंतु जमीन घेताना दुसऱ्याच्या पायाखालची जमीन आपण काढत तर नाही ना, एवढा विचार प्रत्येकाला करता येतो.

आमच्या पेटीत ती सौदाचिठ्ठी अजून आहे. वडील ती टाकू देत नाहीत. मात्र आता गावात कोणाचा सौदा ठरला की ते त्याला माझ्याकडे पाठवितात आणि म्हणतात, ‘पैसे देण्याआधी सातबारा वाचून घे.’ मित्रहो, आपण कॉलेजात शिकतो त्याचा निदान एवढा उपयोग आपल्या गावास व्हावा, असे मला वाटते.