जुना लॅपटॉप आणि कॉलेजचे वाय-फाय : एक अभ्यासपाठ

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे काही लिहून द्यावे, असे विश्वस्त मंडळींनी आम्हांस सांगितले. विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. आपल्यापैकी अनेक सभासदांनी घरी पडून असलेले लॅपटॉप ट्रस्टकडे दिले व ते कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती गेले, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यांतील काही यंत्रे घरी सुरळीत चालत. कॉलेजच्या आवारात गेली की मुकी होत. गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी असेच यंत्र घेऊन आमच्या नानाखेड्यातील घरी आली. "सर, मोबाइलचे नेट याला लागते, घरचे लागते, कॉलेजचेच लागत नाही. तिथले म्हणाले, मशीन जुने आहे, टाकून द्या." मुलीचे वडील बसस्टँडवर रिक्षा चालवितात. दुसरे यंत्र कोठून येणार? कॉलेजच्या ग्रंथालयातील पुस्तके व नियतकालिके तर आवारातील जाळ्यावरूनच वाचता येतात.

आम्ही शाळामास्तर, हा आमचा धंदा नव्हे. परंतु विज्ञान शिकविणाऱ्याने "बिघडले आहे" एवढ्यावर समाधान मानू नये, कोठे बिघडले आहे ते विचारावे, असे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. म्हणून बसलो, वाचले, चुकलो, व जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम घरचे व संस्थेचे वाय-फाय यांतील भेद पाहू. घरी एकच पासवर्ड असतो. तो ज्यास ठाऊक त्यास प्रवेश. संस्थेत प्रत्येकाचे नाव व पासवर्ड वेगळा. भिंतीवर लावलेला ॲक्सेस पॉइंट हा केवळ दरवान होय. तो स्वतः काही ठरवीत नाही; आलेल्याची चिठ्ठी आत दफ्तरात नेतो. हे दफ्तर म्हणजे रेडियस सर्व्हर. दफ्तर प्रथम स्वतःची ओळख पटविते, म्हणजे आपले प्रमाणपत्र लॅपटॉपपुढे ठेवते. लॅपटॉपची खात्री पटली की दोघांमध्ये एक बंदिस्त नळी तयार होते, आणि त्या नळीतूनच विद्यार्थ्याचे नाव व पासवर्ड जातो. दफ्तराने होकार दिल्यावर दरवान दार उघडतो व यंत्रास जाळ्यातील पत्ता मिळतो.

एवढा क्रम ध्यानात आला की निम्मे काम झाले. जाळ्याचे नावच यादीत दिसत नसेल, तर दोष ऐकण्याचा आहे. नाव दिसते पण पासवर्ड न विचारताच नकार येतो, तेथे बहुधा प्रमाणपत्राचे किंवा नळीचे बिनसले आहे. पासवर्ड पुनःपुन्हा विचारला जात असेल, तर भांडण नावाचे किंवा पासवर्डाचे. आणि 'जोडले गेले' असे दिसूनही पान उघडत नसेल, तर दार उघडले आहे, पत्ता मिळालेला नाही. या खुणा शंभर टक्के खऱ्या नसतात, परंतु शोध कोठून सुरू करावा ते सांगतात.

ऐकण्याच्या दोषाविषयी थोडेच सांगतो. पुष्कळ जुन्या लॅपटॉपांतील वायरलेस कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्‌झची लहर ऐकते. संस्थेने आपले जाळे केवळ ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवले असेल, तर अशा यंत्रास ते नाहीच. अमेरिकेसाठी बनविलेल्या कार्डास २.४ वरील १२ व १३ क्रमांकाच्या वाहिन्याही ऐकू येत नाहीत. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या यंत्रांत हे पाहून घ्यावे. यावर स्वस्त उपाय म्हणजे दोन्ही लहरी ऐकणारा, यूएसबीत खोचावयाचा छोटा ॲडॅप्टर. विकत घेण्यापूर्वी आपल्या कार्यप्रणालीसाठी त्याचा ड्रायव्हर मिळतो की नाही, एवढे विचारावे.

त्या मुलीच्या यंत्रात नाव दिसत होते, आणि पासवर्ड न विचारताच नकार येत होता. यंत्रात विंडोज ७. पडद्याच्या कोपऱ्यात आमची नजर गेली, तर तारीख २००९ सालची! आतील घड्याळ चालविणारा बटणाएवढा सेल संपला होता. यंत्र बंद केले की काळ मागे जाई. आता प्रत्येक प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असे लिहिलेले असते. २००९ सालात वावरणाऱ्या यंत्रास आजचे प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नाही, म्हणून ते त्यावर विश्वास ठेवीत नाही. घरी हा दोष दिसत नाही, कारण घरच्या वाय-फायला प्रमाणपत्रच नसते; शिवाय नेट लागले की घड्याळ आपोआप सुधारण्याची संधी तरी असते. येथे मात्र घड्याळ चुकले म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून घड्याळ सुधारत नाही.

आमचे उज्जैन हे काळ मोजणाऱ्यांचे गाव. प्राचीन भारतीय ज्योतिषात रेखांशाची मूळ रेषा उज्जयिनीतून जाई. महाराजा सवाई जयसिंगाची अठराव्या शतकातील वेधशाळा आमच्या घरापासून फार दूर नाही, व दरवर्षी आम्ही मुलांना तेथील सम्राट यंत्राची सावली दाखवितो. आणि त्याच गावात घड्याळाकडे पाहण्याचे आम्हांस अर्ध्या तासाने सुचले! असो. सेल बहुधा सीआर २०३२ या जातीचा, तीन व्होल्टचा असतो व थोडक्या पैशांत मिळतो. काही यंत्रांत तो तारेसह येतो व आतपर्यंत उघडावे लागते. ते काम दुकानदाराकडून करून घ्यावे.

घड्याळ लावले. आता पासवर्ड विचारू लागले, पण प्रत्येक वेळी नकार. म्हणजे एक पायरी चढलो. विंडोज ७ मध्ये एक खोड आहे. अशा जाळ्याची नोंद करताना, यंत्र सुरू करतानाचे विंडोजचे नाव व पासवर्डच आपोआप पाठवावे, अशी खूण तेथे आधीच केलेली असते. कंपनीच्या कचेरीत ते सोयीचे असेल. आमच्या विद्यार्थिनीच्या यंत्राचे नाव जुन्या मालकाचे होते, तेच दफ्तराकडे जात होते. जाळ्याच्या गुणधर्मांत सुरक्षा विभाग उघडून, पीईएपीच्या सेटिंगमध्ये पासवर्ड पद्धतीपुढील 'कॉन्फिगर' दाबावे व ती खूण काढावी. मग प्रगत सेटिंगमध्ये 'वापरकर्त्याची ओळख' हा प्रकार निवडावा. नावाचे रूपही कॉलेजास विचारून घ्यावे. कित्येक ठिकाणी नावापुढे ॲट चिन्ह व संस्थेचा पत्ता लागतो. 'एज्युरोम' या विद्यापीठांच्या जागतिक जाळ्यात तर तो लागतोच, कारण पाहुण्याची चिठ्ठी त्याच्या स्वतःच्या संस्थेकडे पाठवावयाची असते. हे जाळे २००२-०३ च्या सुमारास युरोपात उभे राहिले; भारतात त्याची व्यवस्था अर्नेट इंडिया पाहते. कॉलेजाने टीटीएलएस ही पद्धत ठेवली असेल, तर विंडोज ७ ला ती मुळात येतच नाही. विंडोज ८ पासून ती आली.

इतके करूनही काम अडले, तेव्हा कॉलेजातील संगणक विभागाच्या एका सज्जन गृहस्थांनी मदत केली. आम्ही त्यांस यंत्राचा मॅक पत्ता व प्रयत्नाची नेमकी वेळ, तास-मिनिटांसह, लिहून दिली. सर्व्हरच्या रोजनाम्यात नकाराचे कारण एका ओळीत लिहिलेले असते. "नेट लागत नाही" एवढ्या तक्रारीवरून ती ओळ सापडत नाही, वेळ दिली की सापडते. कारण निघाले ते असे : नळी बांधण्याची भाषा जुळत नव्हती. या भाषेस टीएलएस म्हणतात. तिच्या १.० व १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये इंटरनेटच्या मानक ठरविणाऱ्या मंडळींनी अधिकृतपणे मोडीत काढल्या, आणि सावध संस्था आता १.२ च्या खाली बोलत नाहीत. विंडोज ७ वाय-फायच्या दारात आपणहून १.० च बोलते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१४ मध्ये २९७७२९२ क्रमांकाची दुरुस्ती काढली. ती बसवून रजिस्ट्रीत 'टीएलएसव्हर्जन' नावाची नोंद केली की १.२ बोलता येते. उलट प्रकारही घडतो, हे गमतीचे आहे : २०२२ मध्ये उबुंटूची नवी आवृत्ती आली तेव्हा ती १.० बोलण्यास नकार देऊ लागली, व जुने सर्व्हर असलेल्या संस्थांत नवेकोरे लॅपटॉप दाराबाहेर राहिले.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगणे भाग आहे. या मुलीच्या आधी एका मुलाचे यंत्र आमच्याकडे आले होते. तेव्हा आम्हांस एवढे ज्ञान नव्हते. सेटिंगमध्ये 'सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासा' अशी खूण दिसली. ती काढली, आणि यंत्र चटकन जोडले गेले. मुलगा खूष, आम्हीही खूष. बाजारातही हाच उपाय सर्रास सांगतात.

पुढे वाचन केल्यावर आमची झोप उडाली. ती खूण काढणे म्हणजे, दफ्तराचा माणूस म्हणून जो कोणी उभा राहील त्यास ओळखपत्र न विचारता चिठ्ठी देणे होय. कोणीही खोडसाळ मनुष्य आपल्या पिशवीत छोटे यंत्र घेऊन, जाळ्यास कॉलेजचेच नाव देऊन, उपाहारगृहात बसू शकतो. लॅपटॉप त्यालाच दफ्तर समजेल. पासवर्ड उघडा जात नाही हे खरे. एमएस-चॅप ही पद्धत त्याचे गुप्त रूप पाठविते. परंतु २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक व डेव्हिड हल्टन यांनी अमेरिकेतील डेफकॉन परिषदेत दाखवून दिले की, या पद्धतीची दुसरी आवृत्तीही केवळ एका जुन्या डीईएस किल्लीइतकीच बळकट आहे, व ती किल्ली एका दिवसाच्या आत शोधता येते. त्या मुलाचा तोच पासवर्ड परीक्षेच्या अर्जासही होता व फी भरण्याच्या पानासही.

दुसऱ्याच दिवशी सायंकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो, आपली चूक सांगितली, पासवर्ड बदलावयास लावला व खूण पूर्ववत केली. यंत्र अर्थातच पुन्हा मुके झाले. मुलाची आई म्हणाली, "मास्तरसाहेब, चालत होते ते बंद केलेत!" यावर आमच्यापाशी त्या वेळी चांगले उत्तर नव्हते.

खरे उत्तर प्रमाणपत्राच्या मुळाशी होते. प्रत्येक कार्यप्रणालीपाशी विश्वासू स्वाक्षरी करणाऱ्यांची एक यादी असते. तिला मूळ प्रमाणपत्रे म्हणतात. जुन्या प्रणालीची यादीही जुनी. काही मुळे मुदत संपून बाद झाली आहेत : ॲडट्रस्टचे ३० मे २०२० रोजी, डीएसटी रूट एक्स ३ हे ३० सप्टेंबर २०२१ रोजी. नवी मुळे यादीत नसतील, तर खरे दफ्तरही खोटे वाटते. यादी नेटवरून अद्ययावत होते, पण नेट तर दारापलीकडे! म्हणून कॉलेजच्या संगणक विभागाकडून त्यांचे मूळ प्रमाणपत्र पेन-ड्राइव्हवर मागून आणावे, 'विश्वासू मुळे' या कप्प्यात बसवावे, व सेटिंगमध्ये सर्व्हरचे नावही लिहावे. मुलाचे यंत्र या रीतीने चार दिवसांनी, खूण जागच्या जागी ठेवून, जोडले गेले.

परंतु एवढ्याने भागते काय? ज्या प्रणालीचा पाठिंबा संपला, तिच्यातील नवी भोके कोणी बुजवीत नाही. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी; शेवटचीस घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना आणखी एक वर्षाची सवलत मिळाली, इतकेच. असे यंत्र आपल्या आवारात नको असे कॉलेज म्हणते, तेव्हा ते केवळ आडमुठेपणाने म्हणते असे नाही. त्या गृहस्थांनी आम्हांस हेच शांतपणे समजाविले व ते आम्हांस पटले. "टाकून द्या" हे मात्र पटले नाही.

म्हणून मुलीच्या यंत्रात दुरुस्तीवर दुरुस्ती न चढविता लिनक्स बसविले. तिच्या फायली आधी उतरवून घेतल्या. ६४ बिटांचे व चार जीबी स्मृतीचे यंत्र असल्यास लिनक्स मिंट सुखाने चालते. ३२ बिटांच्या यंत्रास डेबियनची १२ वी आवृत्ती घ्यावी, कारण १३ व्या आवृत्तीपासून त्यांस प्रवेश बंद झाला आहे. पेन-ड्राइव्हवरून न बसविताच चालवून पाहता येते. वायरलेस कार्ड ओळखले जाते की नाही हे अशा रीतीने आधी पाहावे. जोडणीच्या खिडकीत 'प्रमाणपत्र आवश्यक नाही' असा एक मोहक चौकोन येथेही आहे. त्यास हात लावू नये. कॉलेजचे प्रमाणपत्र निवडले, नाव पूर्ण रूपात लिहिले, आणि तिसऱ्या प्रयत्नात दार उघडले. पहिले दोन आमच्या टंकनदोषांत गेले.

एक यंत्र मात्र हरले. ते विंडोज एक्सपीचे. त्यातील प्रणालीस टीएलएस १.२ येतच नाही, आणि स्मृती इतकी थोडी की नवी प्रणाली पेलत नाही. ते आता ट्रस्टच्या वाचनालयात, कोणत्याही जाळ्यास न जोडता, कोपऱ्यातील मेजावर असते. त्यावर लहान मुले मराठी टंकलेखन शिकतात. त्याच्या घड्याळाचा सेल आम्ही बदललेला नाही; मुलांना रोज सकाळी तारीख लावून यंत्र सुरू करावे लागते, व त्यावरून त्यांचे भांडण होते.